इंग्रजी सुवाच्य लिहितात, पण कळत नाही: दोनशिक्षकी शाळेत सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: खाडीकाठची शिक्षिका, देवगड तालुका

नमस्कार. देवगड तालुक्यातील एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी नऊ वर्षांपासून शिकवते. पहिली ते पाचवीचा आमचा पट १९ आहे आणि शिक्षक दोन आहेत. मुख्याध्यापक पहिली-दुसरी सांभाळतात आणि तिसरी ते पाचवी हे तीन वर्ग एकाच खोलीत माझ्यासमोर बसतात. १९ पैकी पाच मुले आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांतील आहेत. त्यांच्या घरी नेपाळी, बागेत मोडकीतोडकी हिंदी आणि शाळेत मराठी चालते, त्यामुळे इंग्रजी ही त्यांची चौथी भाषा होते. उरलेल्या सर्वांच्या घरी मालवणी बोलतात. म्हणजे पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठीसुद्धा माझ्या वर्गात कोणाची घरची भाषा नाही, ही गोष्ट मलाच लक्षात यायला दोन वर्षे लागली.

प्रश्न विचारण्याचे निमित्त असे, की गेल्या महिन्यात पाचवीतील एका मुलाने ‘माय फादर’ हा दहा ओळींचा निबंध अतिशय सुंदर अक्षरात लिहून आणला. ‘माय फादर इज अ फार्मर’ हे त्यातील पहिले वाक्य होते. त्याचे वडील ट्रॉलरवर खलाशी आहेत, हे मला ठाऊक होते. मी विचारले, ‘‘तुझे बाबा शेती करतात का रे?’’ तो म्हणाला, ‘‘नाय ओ बाई, ते ट्रॉलरार असतत.’’ ‘‘मग फार्मर म्हणजे काय?’’ त्यावर अजिबात न अडखळता उत्तर आले, ‘‘फार्मर म्हंजे बापूस.’’

निबंध गाईडमधून उतरवलेला होता, यात नवल काही नाही. मला लागले ते हे, की मी त्या वहीवर ‘व्हेरी गुड’ असा शेरा आधीच लिहून मोकळी झाले होते. माझ्या वर्गातील बहुतेक मुले इंग्रजी अशीच लिहितात. फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवतात, फळ्यावर जागा संपली म्हणून मी शब्द तोडला असेल तर वहीतही तो तिथेच तोडतात. वाचायला सांगितले तर पाठ असलेला मजकूर बोट भलत्याच ओळीवर ठेवून म्हणतात.

पालक मात्र वही पाहून समाधानी असतात, आणि तरीही गेल्या तीन वर्षांत आमची सहा मुले व्हॅनने तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाऊ लागली आहेत. उरलेल्यांचे पालक सेमी इंग्रजीचा आग्रह धरतात.

जाणकारांनी मला एवढे सांगावे. पाचवीपर्यंत पोहोचलेल्या मुलांना पुन्हा अक्षरांपासून न्यावे, की आधी बोलण्यापासून? इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्दही काढू नये, असे एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितले होते, ते कितपत पाळावे? आणि जी मुले दिवाळीनंतर येतात आणि पावसाच्या तोंडावर गावी परततात, त्यांच्यासाठी कोणती आखणी करावी?

उत्तर १: निवृत्त प्राथमिक शिक्षक, राजापूर

बाई, ‘फार्मर म्हंजे बापूस’ हे उत्तर मी चूक मानणार नाही. त्या मुलाने ‘फार्मर’ हा शब्द जेव्हा जेव्हा पाहिला तेव्हा शेजारी ‘फादर’ होता, आणि हाताशी असलेल्या तेवढ्याच पुराव्यावरून त्याने अर्थ काढला. मूल घरची भाषा शिकते तेसुद्धा असेच शिकते. त्याची बुद्धी नीट चालते आहे, पुरावा मात्र आपण दिलेला खोटा आहे. त्याला ‘फिशरमन’ हा शब्द दिला असता तर तो जन्मभर विसरला नसता.

२००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले तेव्हा माझी नोकरी अर्धी सरली होती. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेली पिढी. इंग्रजीत कोणाशी सलग दोन वाक्ये बोलण्याचा प्रसंग माझ्यावर तोवर आलेला नव्हता. आम्ही बहुतेकांनी एक सोपी वाट काढली. ‘के’ला ‘ए’ जोडला की ‘क’, दोन ‘ए’ जोडले की ‘का’, अशी इंग्रजीची बाराखडी तयार करून भिंतीवर लावली. मुले आठ दिवसांत स्वतःचे नाव, गावाचे नाव, कोकण रेल्वेच्या फलकावरचे ‘कुडाळ’, ‘कणकवली’ वाचू लागली आणि आम्हाला जग जिंकल्यासारखे वाटले. पण ही बाराखडी मराठी नावे रोमन लिपीत लिहिण्याची आहे, इंग्रजी वाचण्याची नाही. तिच्या आधाराने माझा वर्ग ‘सन’ला ‘सुन’ वाचू लागला, ‘मॅन’ला ‘मन’ आणि ‘नेम’ला पंचनाम्यातले ‘नामे’. ‘द सुन इज हॉट’ हे वाक्य ऐकून वर्गाबाहेर उभी असलेली एक आजी पदराआड हसली होती, ते मला अजून आठवते. आपल्या शाळेत तो तक्ता असेल तर फाडू नका, नावांपुरता राहू द्या, मात्र इंग्रजी वाचनाच्या तासाला तो झाकून ठेवा.

इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४ आहेत. मराठीत अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच असतो, त्यामुळे आपल्या मुलाला ‘सी, ए, टी’ या तीन नावांतून ‘कॅट’ कसे निघाले, हे कोडे वाटते आणि ते वाटणे रास्त आहे. म्हणून अक्षरांची नावे काही काळ बाजूला ठेवून ध्वनी द्यावेत. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून सुरुवात करण्याची पद्धत रूढ आहे, कारण तेवढ्यांतून सॅट, पिन, टॅप, टिन, सिप, नॅप असे शब्द लगेच तयार होतात आणि पहिल्याच आठवड्यात मूल स्वतःच्या बळावर काहीतरी वाचते. ‘ॲ’ हा स्वर शिकवावाही लागत नाही, कारण क्रिकेटची बॅट आणि कॅच वाडीतल्या प्रत्येक पोराच्या तोंडी आहे. पाचवीच्या मुलांनाही हे द्यावेच लागेल. फक्त ‘पहिलीचे शिकवतात’ असे वाटून त्यांचा मान दुखावू नये, म्हणून त्यांच्याकडून पहिली-दुसरीसाठी शब्दपट्ट्या तयार करून घ्याव्यात. करता करता तेच शिकतात.

आता बोलण्याविषयी. माझ्या मते वाचन आणि बोलणे यांत आधी कोण असा क्रम लावू नये, पण ज्या वाक्याचा अर्थ मुलाने कानाने आणि कृतीने अनुभवलेला नाही ते वाक्य वहीत येऊ देऊ नये. परिपाठानंतरची पाच मिनिटे केवळ सूचनांसाठी ठेवावीत. ‘ओपन द विंडो’, ‘टच द डोअर’, ‘गिव्ह द चॉक टू’ अमुक, असे म्हणावे आणि मुलांनी न बोलता कृती करावी. बोलण्याची सक्ती नसली की लाजरे मूलही सहभागी होते. महिन्याभराने सूचना मुले देतात आणि आपण उठबस करायची असते. वर्गाला याहून मोठा आनंद कोणताच नसतो.

दक्षिण भारतातील सरकारी शाळांत १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी एक प्रयोग केला होता, तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. मुलांना व्याकरणाचे धडे न देता नकाशे, वेळापत्रके अशी सामग्री द्यायची आणि तिच्यावर इंग्रजीतून विचारलेले प्रश्न सोडवून घ्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. मुलाचे लक्ष उत्तर शोधण्याकडे असते आणि भाषा त्या ओघात पोटात जाते. मी त्यावरून एसटीच्या वेळापत्रकाचा धडा तयार केला. जैतापूर, नाटे, आडिवरे, सागवे ही नावे आणि समोर गाड्यांच्या वेळा. ‘विच बस गोज टू नाटे आफ्टर टेन?’ या प्रश्नाला एक शब्दाचे उत्तर आले तरी पुरे. ज्याचा बाप नाट्याहून रोज ये-जा करतो तो पोरगा माझे वेळापत्रकच चुकीचे असल्याचे सांगू लागला, तेही अर्ध्या इंग्रजीत, आणि त्या दिवशी माझा धडा सार्थकी लागला.

मराठीचा शब्द काढू नये, या सूचनेविषयी माझे मत कडक आहे. मराठी टाळून आपण मुलाच्या डोक्यातील मराठी थांबवू शकत नाही. ‘मला एक बहीण आहे’ याचे मूल ‘टू मी वन सिस्टर इज’ असे करते, कारण मराठीत बहीण ‘मला’ असते आणि इंग्रजीत ती माझ्यापाशी ‘हॅव’ने असते. ‘तुझे नाव काय आहे’ याचे ‘युवर नेम व्हॉट इज’ होते, कारण आपल्याकडे ‘काय’ क्रियापदाच्या आधी बसते आणि इंग्रजीत प्रश्नार्थक शब्दाला पहिला पाट लागतो. ‘डू’ आणि ‘डज’ यांना तर मराठीत जोडच नाही, आपले काम वाक्याच्या शेवटच्या ‘का’वर भागते. या चुका दोन्ही वाक्ये फळ्यावर खालीवर लिहून मराठीत समजावल्या तर दहा मिनिटांत उलगडतात, आणि केवळ इंग्रजीतून समजावायला गेलो तर आपणच अडकतो. जाता जाता आणखी एक: तू, तुम्ही आणि आपण या तिघांना इंग्रजीत एकच ‘यू’ आहे, हे मुलांना मुद्दाम सांगा. माझी एक विद्यार्थिनी वर्षभर माझ्याशी इंग्रजी बोलत नव्हती. गुरुजींना ‘यू’ म्हणणे तिला अरेतुरे केल्यासारखे वाटत होते.

उत्तर २: एक पालक, मालवण तालुका

मी शिक्षिका नाही, बारावीपर्यंत शिकले आहे. आमचे किनाऱ्यालगत लहानसे न्याहरी-निवास आहे आणि मुलगा जिल्हा परिषद शाळेत चौथीत आहे. पालकांच्या बाजूने लिहावेसे वाटले, कारण वही पाहून समाधानी होणाऱ्यांत मीही होते.

आम्ही वही पाहतो, कारण आम्हाला तपासता येण्याजोगी तेवढीच गोष्ट असते. मजकूर कळत नसला तरी अक्षर सुबक आहे की गचाळ, पान भरले आहे की कोरे, हे कळते. मध्यंतरी आमच्या गटावर मोबाईलवरून गृहपाठ इंग्रजीत येऊ लागला होता. तो वाचण्यासाठी मी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडे जात असे, ती उत्तरे सांगत असे, मी लिहून घेत असे आणि मुलगा उतरवत असे. तीन माणसे राबत होती आणि शिकत एकही नव्हते. आमच्या मुलांसाठी काही करायचे असेल तर आधी पालकांना काय करायचे ते सरळ मराठीत सांगा, अशी माझी विनंती आहे.

नंतर एका बाईंनी आम्हाला वेगळे काम दिले. शाळेत इंग्रजीत ऐकलेली गोष्ट मुलाने घरी येऊन आपल्या भाषेत सांगायची आणि आईने किंवा आजीने ती ऐकायची, एवढेच. तिखट लावता लावता त्याची आजी ‘मगे काय झाला?’ असे विचारत गेली की कोणता भाग त्याला कळलेला नाही ते आपोआप उघडे पडते, कारण तिथे तो गडबडतो आणि पुढच्या प्रसंगावर उडी मारतो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तो तेवढेच विचारून येतो. यासाठी मला इंग्रजी येण्याची गरज पडली नाही.

आणखी एक सांगते. गेल्या मे महिन्यात बंगळूरहून आलेल्या पाहुण्यांनी ताटातील सोलकढी पाहून काही विचारले आणि मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत मुलाने सांगून टाकले, ‘‘कोकम. कोकोनट मिल्क. नो चिली. यस, लिटल चिली.’’ वाक्य एकही पुरे नव्हते, पण पाहुण्यांनी वाटी पुन्हा भरून मागितली. त्या दिवसापासून तो दुकानातील प्रत्येक पाकिटावरचे वाचू पाहतो. आंब्याच्या खोक्यावरचे ‘अल्फान्सो’ त्याने स्वतः लावले आणि मग हापूस आणि अल्फान्सो एकच कसा, यावर आजीशी भांडला.

उत्तर ३: उपशिक्षक, रायगड जिल्हा

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. तरीही काही ठिकाणी माझा अनुभव वेगळा आहे.

गुरुजींनी सांगितलेले सर्व एका इयत्तेच्या वर्गात साधते. तीन इयत्ता एका खोलीत असताना इंग्रजीला दिवसाकाठी सलग वीस मिनिटे मिळाली तरी भाग्य समजावे. म्हणून मी इयत्तेनुसार गट करणे सोडून दिले आहे. ‘असर’ या मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीत इंग्रजी तपासण्याचा जो क्रम असतो, म्हणजे मोठी लिपी, मग लहान लिपी, मग सोपे शब्द, मग सोपी वाक्ये आणि वाचलेल्याचा अर्थ, तोच क्रम घेऊन मी जूनमध्ये प्रत्येक मुलाला एकटे बोलावून पाच मिनिटे वाचायला लावतो. मग कोणाचा गट कोणता ते आपोआप ठरते. तिसरीतील मुलगी वाक्यांच्या गटात आणि पाचवीतील मुलगा अक्षरांच्या गटात, असे होते. पाचवीवाल्याला वाईट वाटते, हे खरे आहे, आणि त्यावर शब्दपट्ट्यांचा उपाय मी आता करून पाहीन.

शिक्षकाच्या उच्चाराचा मुद्दा कोणी काढलेला नाही. मुलांनी ऐकावे असे इंग्रजी माझ्या तोंडी नाही, हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही. बालभारतीच्या पुस्तकांवरील क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरील सामग्री उघडते. आमच्याकडे डोंगरामुळे रेंज येत नाही, म्हणून मी आठवडी बाजाराच्या दिवशी लागणारे भाग फोनवर उतरवून आणतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत विनामूल्य मिळते. आधी मराठी गोष्ट वाचून, हसून, तिच्यावर बोलून झाल्यावर तीच इंग्रजीत घेतली की निम्मे काम चित्रे करतात.

नेपाळी मुलांविषयी. माझ्याकडे कातकरी मुले येतात, तीही पालकांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि मध्येच परततात. या मुलांना इंग्रजीत मागे पडलेले समजू नका, ती अनेकदा सर्वांच्या बरोबरीने कोऱ्या पाटीवर असतात. मराठीच्या तासाला गप्प बसणारी माझी एक मुलगी इंग्रजी सूचनांच्या खेळात सर्वांत पुढे होती, कारण तिथे तिच्या बोलीला हसणारे कोणी नव्हते. त्यांच्यासाठी सलग अभ्यासक्रमाऐवजी आठ-दहा दिवसांत पुरे होणारे स्वतंत्र तुकडे आखावेत, म्हणजे मूल कधीही आले आणि कधीही गेले तरी हातात काही पुरे झालेले असते. जाताना त्याच्या पिशवीत वाचून झालेल्या शब्दांची वही द्यावी आणि पुढच्या शाळेतील शिक्षकासाठी तिच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहाव्यात.

सेमीबद्दल माझा स्पष्ट विरोध आहे, निदान पाचवीपर्यंत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये अध्यापनाचे माध्यम शक्य तितके मातृभाषा असावे असे म्हटले आहे, आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा सांगते. पण कायद्याचा आधार घेऊन पालकांशी वाद घालू नये. मी त्यांना वर्गात बसवतो. हातच्याची वजाबाकी आधी मराठीत आणि मग इंग्रजी शब्द वापरून करून दाखवतो, आणि मुलांचे चेहरे त्यांनाच पाहू देतो. दुकानात सुट्ट्या पैशांचा हिशेब करणारा मुलगा ‘बॉरो’ म्हटल्यावर फळ्याकडे कसा पाहतो, ते एकदा पाहिले की पुढचे बोलणे सोपे होते.

प्रश्नकर्तीचे पुन्हा टिपण, साधारण महिन्यानंतर

तिघांचेही आभार. झालेले सांगते. पाच-पाच मिनिटांची तपासणी केली आणि माझ्या पाचवीतील चार मुलांपैकी दोघांना लहान लिपीतील ‘बी’ आणि ‘डी’ वेगळे ओळखता येत नाहीत, हे मला पहिल्यांदा समजले. तीन वर्षे ती माझ्यासमोर सुंदर अक्षरात लिहीत होती. गुरुजींनी सांगितलेल्या त्या सहा अक्षरांतून होणारे शब्द चालू आहेत. बाराखडीचा तक्ता झाकला आहे.

निबंधाच्या मुलाला मी वडिलांविषयी आधी मालवणीत सांगायला लावले. त्याने इतके सांगितले, की जाळे, बर्फ, डिझेल, वायरलेस आणि वडील परत येण्याची वाट पाहणे यात अर्धा तास गेला. त्यातील चार वाक्ये आम्ही दोघांनी मिळून इंग्रजीत आणली. ‘माय फादर गोज टू सी. ही कॅचेस फिश. ही कम्स होम आफ्टर टेन डेज. आय वेट.’ शेवटचे वाक्य त्याने स्वतः केले. अक्षर या वेळी वाईट आले, कारण खोडाखोड फार झाली.

अडचण एकच उरली आहे. पालक सभेत ही वही दाखवली तेव्हा त्याच्या आईने जुनी, दहा ओळींची वही चांगली होती असे म्हटले. तिला काय सांगावे ते मला त्या क्षणी सुचले नाही.

उत्तर: निवृत्त प्राथमिक शिक्षक, राजापूर

बाई, तिला आपण काही सांगू नये. ट्रॉलर बंदरात लागेल तेव्हा मुलाला ती चार वाक्ये बापाला वाचून दाखवायला सांगा, आणि मालवणीत अर्थही त्यानेच सांगावा. त्या वेळी आईला तिथे बसू द्या.